सेविकांचं पोषण-प्रशिक्षण: निवासी वर्ग की बीट बैठक?

तालुक्यातल्या अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठी संस्थेकडे थोडे पैसे असतील, तर पर्याय मुळात दोनच. सगळ्यांना गोळा करून तीन-चार दिवसांचा निवासी वर्ग घ्यायचा, नाहीतर महिन्याच्या बीट बैठकीत (एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या सेविकांची बैठक) एकेक विषय घेत वर्षभर चालवायचं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानाने दुसरी वाट धरली: २१ पाठ, महिन्याला एक, शिकवणार पर्यवेक्षिका.

नव्याने रुजू झालेल्या सेविकेला वर्ग हवाच. नोंदवह्या, पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप, सॅम-मॅमचे (अतितीव्र आणि मध्यम कुपोषणाचे) निकष हे सलग शिकलेलं बरं. पण हाताचं कौशल्य तिथे येत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलके दाबून तळव्यांशी सरकती फळी आणायची. वर्गात हे बाहुलीवर होतं, आणि बाहुली पाय झाडत नाही! गावात मदतनीस खिचडीपाशी असते, सेविका एकटी. मग दीड वर्षाचं पोर सरळ उभं करून मोजलं जातं. उभ्याने माप साधारण ०.७ सेंमी कमी भरतं. तेवढं मापात मिळवायचं राहिलं, की उंचीच्या मानाने वजन बरं दिसतं आणि सीमेवरचं सॅम मूल मॅममध्ये जाऊन बसतं.

बीट बैठकीत हेच खऱ्या मुलावर करून घेता येतं, महिनाभर गावात करून पुढच्या वेळी अडचणही मांडता येते. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात एका पर्यवेक्षिकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या, त्यात अहवाल आणि मानधनाचे प्रश्न. पाठाच्या वाट्याला उरतात शेवटची काही मिनिटं.

चित्रफिती दोन्हीकडे उपयोगी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलच्या आरोग्य-पोषणावरच्या चित्रफिती मराठीतही आहेत. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र नको, खालचा काळा भागही जायला हवा, हे व्याख्यानापेक्षा बघून लवकर कळतं.

निम्म्याहून जास्त सेविका नव्या असतील तर वर्ग घ्या. जुन्या असतील तर मी बैठकच निवडेन, पण एका अटीवर: गृहभेटीला सेविकेसोबत जाणारी प्रशिक्षिका नेमायची आणि तिचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात आधीच धरायचा. शिवाय दोन्ही बाबतींत एक दिवस पडताळणीला ठेवा. दहा मुलं, प्रत्येक सेविकेने प्रत्येकाला दोनदा मोजायचं, पहिला आकडा न बघता. दोन मापांत फरक कुणाचा किती पडतो, त्यावरून पुढच्या महिन्यात कुणाकडे आधी जायचं ते ठरवा.