बास्केट मझल वापरून बघितलं: माल चांगला, बॉक्सवरचा मजकूर बोगस

मोठ्या कुत्र्यासाठी रबरी बास्केट मझल (चावता येऊ नये म्हणून कुत्र्याच्या तोंडावर बांधायची टोपलीसारखी जाळी) घेतलं होतं, बऱ्यापैकी वापरून झालंय म्हणून लिहितोय. आमचा भुऱ्या आजवर कोणाला चावलेला नाही, पण अनोळखी माणसाने वरून डोक्यावर हात आणला की तो जागच्या जागी ताठ होतो आणि तोंड मिटून घेतो, आणि ज्याला कुत्री कळतात त्याला कळेल की हे हसण्यावारी न्यायचं लक्षण नाही. कोणाला तरी टाके पडल्यावर मझल आणायचं याला काही अर्थ नाही, म्हणून आधीच घेतलं.

आधी मालाबद्दल. रबर मऊ आहे, कुठे धार नाही, धुवायला सोपं. जाळी रुंद आहे, त्यामुळे आत तोंड नीट उघडतं, जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात, भांड्यात तोंड घालून पाणी पिता येतं आणि समोरच्या फटीतून खाऊचा तुकडाही देता येतो. हे सगळं चोचले म्हणून सांगत नाहीये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, अंग थंड करायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. ते कापडी नळीसारखं मझल मिळतं ना, दिसायला एकदम सॉफ्ट आणि स्वस्तही, ते तोंड गच्च बंद करतं. डॉक्टरकडे इंजेक्शन देईपर्यंत ठीक आहे, पण ते घालून कुत्र्याला उन्हात फिरवणं म्हणजे हीटस्ट्रोकला आमंत्रण. तरी लोक सर्रास तेच घेतात कारण "बिचाऱ्याला पिंजऱ्यासारखं दिसत नाही".

साइज चार्ट मात्र एकदम टाकाऊ. कंपनीने ब्रीडची नावं लिहून समोर नंबर टाकलेत, आता मिक्स ब्रीडवाल्याने काय करायचं? चार्टवरून मागवलेला पीस नाकाला टेकत होता, बदलून घ्यावा लागला. स्वतः टेप घेऊन मोजा. डोळ्यांच्या जरा खालपासून नाकाच्या टोकापर्यंत लांबी, आणि डोळ्यांच्या साधारण इंचभर खाली नाकाडाचा घेर, आणि तो घेर तोंड थोडं उघडं असताना घ्या नाहीतर धापा टाकायला जागाच राहत नाही. नाकापुढे सेंटिमीटरभर मोकळी जागा हवी, डोळ्यांना काही लागता कामा नये आणि पट्ट्याखाली एक बोट गेलं पाहिजे. कपाळावरून जाणारा वरचा पट्टा काढून ठेवू नका, तो नसेल तर हुशार कुत्रं पंजाने दोन मिनिटांत मझल उतरवतं.

आता माझा खरा राग बॉक्सवर आहे. वर छापलंय, "भुंकणं, चावणं, चघळणं थांबवा". अरे काय! तोंड उघडतंय म्हटल्यावर कुत्रं भुंकणारच, आणि भुंकू नये म्हणून मझल घालणं मुळात चूकच. मझल फक्त दात माणसापर्यंत पोचू देत नाही, कुत्र्याच्या मनातली भीती आहे तिथेच राहते. आपल्याकडे उलटच चालतं, कुत्रं गुरगुरलं की त्याला फटका. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की बाबा लांब हो, त्यासाठी मार खाल्ला की तो सांगणं सोडतो आणि मग एक दिवस "अचानक चावला हो". अचानक फार कमी वेळा होतं. त्याआधी ओठ चाटणं, उगाच जांभई, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, मग ताठ होणं, एवढं सगळं होऊन गेलेलं असतं, आपलं लक्ष फोनमध्ये. शेपूट हलतेय म्हणजे खूशच आहे असंही नसतं.

सवय कशी लावायची याचा एकही कागद आत नाही, हे तर अक्षम्य. थेट तोंडावर अडकवून बाहेर काढलं तर कुत्रं जमिनीवर नाक घासत बसतं आणि पुढच्या वेळी मझल बघूनच पळतं. आधी मझल हातात वाटीसारखं धरायचं, आत जरासं पीनट बटर लावायचं (झायलिटॉल म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोडवा, तो असलेलं नको, ते कुत्र्याला विष आहे) आणि त्याने आपणहून नाक घालायची वाट बघायची, ढकलायचं नाही. ते जमलं की बक्कल न लावता जरा वेळ, मग बक्कल लावून लगेच काढायचं, मग घरातल्या घरात फेरी. कोणाला काही दिवस लागतात, कोणाला कित्येक आठवडे. भुऱ्या आता मझल हातात दिसलं की शेपूट हलवत येतो, आणि ही शेपूट खरंच खुशीची आहे.

रस्त्यावरचा अनुभव म्हणाल तर गंमत आहे. समोरून एक कुत्रं सुटं धावत आलं, मागून मालक ओरडतोय "काही करत नाही हो तो!", त्याच्या हातातला पट्टा नुसताच लोंबतोय. मी भुऱ्याला मागे घेतलं तर साहेब मलाच म्हणतात, "तुमचंच चावरं दिसतंय, मझल घातलंय म्हणजे." म्हणजे खबरदारी घेतली तो गुन्हेगार आणि मोकाट सोडलं तो प्रेमळ! भांडण झालं असतं तर दोष कुत्र्यांवर गेला असता, ज्याच्या हातात पट्टा असायला हवा होता त्याच्यावर कोणी बोट ठेवलं नसतं.

दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "कुठली ब्रीड?" ब्रीडवर खापर फोडणं सोयीचं पडतं. २०२२ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात हजारो कुत्र्यांवरचा अभ्यास आला होता, त्यात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच ब्रीडमुळे निघाला. ताकदीचा मुद्दा खरा आहे, मोठ्या जबड्याचा चावा जास्त नुकसान करतो, पण चावायची वेळ येऊ द्यायची की नाही हे माणसाच्या हातात असतं.

आणि मझल घेतलं म्हणजे मालक सुटला असंही नाही. मझलसकट कुत्रं धडक मारू शकतं, म्हातारं माणूस पडू शकतं, ती जबाबदारी माझीच. शिवाय चावे बऱ्याचदा ओळखीच्याच कुत्र्याचे असतात, लहान मुलांना जास्त, आणि घरात कोणी मझल घालून बसत नाही. तिथे एकच उपाय, मूल आणि कुत्रं एका खोलीत एकटं सोडायचं नाही, जेवताना झोपताना कुत्र्याला छेडू द्यायचं नाही. तरी चावलंच तर चूक कोणाची हे नंतर ठरवा, आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग जवळपास काही करता येत नाही.

मालाला पाचपैकी चार, बॉक्सवरच्या मजकुराला शून्य. एक तक्रार अजून, बक्कल जरा कडक आहे, गार हातांनी उघडत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा आकार बसणार नाही, त्यांच्यासाठी वेगळा येतो. आणि घरी आलात की पहिलं मझल काढा, कुत्र्याला ते घालून एकटं ठेवायचं नसतं.