गाडी उचलल्यानंतर बिघडलेलं अलाइनमेंट: कॅम बोल्ट, नवे आर्म की ड्रॉप ब्रॅकेट?

लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे सुटे भाग) बसवून गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, नेली, आणि मशीनवरचा माणूस म्हणाला, "टो लावून दिलाय, बाकीचं एवढंच बसतं." आता पुढे खर्च करायचा का, आणि कशावर? बाजारात उत्तरांची कमी नाही. कॅम बोल्ट, अप्पर आर्म, ऑफसेट बुश, ड्रॉप ब्रॅकेट, डिफ ड्रॉप अशी भली मोठी यादी आहे, पण त्यातली निम्मी उत्तरं तुमच्या गाडीला लागूच पडत नाहीत. नेमकं काय लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं: पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) आहे की सलग एक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), आणि कोणता कोन किती कमी पडतोय.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी अलाइनमेंटचा प्रिंटआउट मागून घ्या. त्यात टो, कॅम्बर आणि कॅस्टर हे तीन आकडे बघायचे. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत, कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललं आहे, आणि कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचं वरचं टोक किती मागे झुकलं आहे. टो बिघडला की टायर सर्वांत वेगाने झिजतो आणि त्यावरून हात फिरवला तर करवतीसारखे दाते लागतात. पण टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवून तो जागेवर आणता येतो, म्हणून त्याची फार चिंता नको. कॅम्बर बिघडला की टायरची आतली किंवा बाहेरची एकच कड जाते. कॅस्टरमुळे टायर जवळजवळ झिजत नाही, त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक मधोमध येत नाही, ब्रेक मारताना पुढचा भाग अस्थिर वाटतो, हे सगळं बहुतेक वेळा कॅस्टर कमी पडल्याचं लक्षण असतं. उचललेल्या गाडीत सहसा सर्वांत जास्त मार यालाच बसतो, आणि भरून काढायलाही हाच अवघड.

मशीनवर कॅस्टरचा आकडा हिरवा दिसला तरी लगेच खूश होऊ नका. ती मर्यादा कंपनीच्या उंचीसाठी आणि कंपनीच्या टायरसाठी असते. मोठे, जड टायर घातल्यावर मर्यादेच्या खालच्या टोकाला असलेला कॅस्टर पुरत नाही. बहुतेक उचललेल्या पिकअपना 3 ते 4 अंश मिळाले की गाडी ताळ्यावर येते. दोन्ही बाजूंचा फरकही बघा. तो साधारण अर्ध्या अंशाच्या आत हवा, कारण ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर

बहुतेक आधुनिक पिकअपना पुढे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. गाडी उचलली की दोन्ही आर्म खाली झुकतात. दोघांची लांबी आणि चेसिसवरचा कल वेगवेगळा असल्याने वरचा आणि खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारे गोल सांधे) सारखे सरकत नाहीत. कॅम्बर हलतो आणि कॅस्टर पडतो. टाय रॉडचा कोन बदलल्यामुळे टोही जातो.

पहिला पर्याय म्हणजे गाडीत आधीपासून असलेले कॅम बोल्ट, म्हणजे फिरवल्यावर आर्म थोडा आत-बाहेर सरकवणारे बोल्ट. अनेक पिकअपमध्ये खालच्या आर्मच्या चेसिसकडच्या टोकाला पुढे एक आणि मागे एक कॅम असतो. नवा भाग लागत नाही, फक्त अलाइनमेंटची मजुरी. साधारण दोन इंचांपर्यंतच्या लिफ्टला यावर भागू शकतं. अडचण अशी की कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही याच दोन कॅमवर अवलंबून असतात. पांघरूण तोकडं असावं तसा हा प्रकार आहे, कॅम्बर झाकायला गेलं की कॅस्टर उघडा पडतो. कॅम शेवटच्या टोकाला टेकले आणि कॅस्टर तरीही दीड-दोन अंशांवर अडकला, तर तिथे थांबा. त्याच्यापुढे कितीही अनुभवी फिटर काही करू शकत नाही. आणि गाडी जुनी असेल तर कॅम बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी नळकांड्याच्या) आतल्या नळीत गंजून बसलेले असतात. ते फिरत नाहीत, कापून काढावे लागतात, बुशही बदलावे लागतात. फुकटचा वाटलेला पर्याय असा महाग पडतो. अलाइनमेंटला जाण्याच्या आदल्या दिवशी कॅमचे नट सैल होतात का हे बघून घेतलं, तर ऐनवेळी रॅम्पवर गाडी अडकून पडत नाही.

दुसरा पर्याय, नवे अप्पर आर्म. माझं मत विचाराल तर अडीच-तीन इंच उचललेल्या गाडीला हाच खरा इलाज आहे. या आर्ममध्ये बॉल जॉइंट थोडा मागे बसवलेला असतो, त्यामुळे साधारण 2 ते 4 अंश जादा कॅस्टर आर्मच्या घडणीतूनच मिळतो. मग खालचे कॅम पुन्हा मधल्या भागात आणता येतात आणि कॅम्बर, कॅस्टर दोन्ही जमतात. शिवाय बॉल जॉइंटचा कोन नव्या उंचीला जुळतो. कंपनीचा बॉल जॉइंट उचललेल्या गाडीत चाक पूर्ण लोंबकळलं की आपल्या मर्यादेजवळ पोचलेला असतो. काही गाड्यांत कंपनीचा आर्म त्या अवस्थेत कॉइल स्प्रिंगलाही घासतो. नवा आर्म हा त्रासही मिटवतो.

आर्ममध्येही निवड आहे. रबरी टोपी असलेला साधा बॉल जॉइंट चिखलापाण्यात टिकतो, आवाज करत नाही आणि रोजच्या गाडीला तोच बरा. युनिबॉल, म्हणजे उघडं गोल बेअरिंग, मजबूत असतं आणि चाकाला जास्त खाली-वर हलू देतं. पण धूळ आत जाते, काही काळाने करकर सुरू होते आणि ते ठरावीक काळाने बदलावं लागतं. ज्यांची गाडी आठवडाभर ऑफिसला जाते आणि महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर उतरते, त्यांनी युनिबॉलच्या मोहात पडू नये. लांबी फिरवून बदलता येणारे आर्मही मिळतात. ज्याला नीट लावता येतं त्याच्यासाठी ते उत्तम, पण त्यांचे लॉक नट तपासत राहावे लागतात.

तिसरा पर्याय चार ते सहा इंचांच्या गाड्यांसाठी, ड्रॉप क्रॉसमेंबर (खाली उतरवलेला चेसिसचा आडवा तुकडा) असलेलं पूर्ण किट. यात खालच्या आर्मची माउंटिंग आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) दोन्ही खाली येतात आणि चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) उंच असतो. आर्म मुळच्याच कोनात राहतात, म्हणून अलाइनमेंट फारसं बिघडतच नाही. किंमत मात्र वेगळ्या रूपात मोजावी लागते. काही किटमध्ये चेसिसवरचे ब्रॅकेट कापावे लागतात, म्हणजे परतीचा रस्ता बंद. आणि पुढचा क्रॉसमेंबर खाली आल्यामुळे पोटाखालची जागा गाडीच्या उंचीएवढी वाढत नाही. तीन इंचांसाठी हे किट घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

डिफ ड्रॉप या यादीत नेहमी दिसतो, पण त्याचा अलाइनमेंटशी संबंध नाही. तो डिफरन्शियल इंचभर खाली घेऊन ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवरचा कोन कमी करतो. त्याने कॅस्टर काडीचाही सुधारत नाही.

पुढे सलग एक्सल असेल तर

इथे सगळा हिशेब बदलतो. एक्सल एकसंध असल्याने उचलल्यामुळे कॅम्बर बदलत नाही. बदललेला दिसला तर बॉल जॉइंट, बेअरिंग किंवा वाकलेला एक्सल तपासा, दोष लिफ्टचा नाही. कॅस्टर मात्र थेट जातो. रेडियस आर्मच्या, म्हणजे एक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या लांब दांड्यांच्या, गाडीत एक्सल आर्मला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे आर्म जितका फिरतो तितकाच एक्सल फिरतो. 900 मिलिमीटर लांबीचा आर्म आणि 50 मिलिमीटर लिफ्ट धरली तर कॅस्टर सुमारे 3 अंशांनी पडतो.

ऑफसेट बुश हा स्वस्त मार्ग. त्यांचं भोक मध्यापासून सरकवलेलं असतं आणि साधारण दोन-तीन अंश परत मिळतात. दोन इंचांपर्यंत ठीक. ते पॉलियुरेथेनचे असतील तर कडक असतात आणि खडबडीत जागी एक्सलचं वर-खाली तिरकं होणं थोडं आवळतात. ड्रॉप ब्रॅकेटने रेडियस आर्मचं चेसिसकडचं टोक खाली येतं. कॅस्टर आणि आर्मचा कोन दोन्ही सुधारतात, रस्त्यावर गाडी सर्वांत शांत चालते. पण ब्रॅकेट खाली लोंबतात आणि दगडांना सर्वांत आधी तेच लागतात. मुळातच योग्य कोनात घडवलेले नवे रेडियस आर्म महाग असतात, पण ना बुश आवळतात, ना काही लोंबतं. रस्त्यावरच्या गाडीला ब्रॅकेट, दगडधोंड्यांतल्या गाडीला आर्म, असं मी सांगेन.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालतात. ती पोलादाची घ्या. अॅल्युमिनियमची भाराखाली तडकते.

यातलं काहीही निवडलं तरी एक त्रास मागे येतो. कॅस्टर वाढवायला एक्सल फिरवला की पिनियनचं (डिफरन्शियलला ड्राइव्ह शाफ्ट जोडला जातो त्या टोकाचं) तोंड खाली जातं, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि फोर-व्हीलमध्ये थरथर जाणवते. म्हणून कॅस्टर पुरेसा झाला की थांबावं, पुस्तकातला आकडा गाठायचा हट्ट धरू नये.

पॅनहार्ड रॉडही, म्हणजे एक्सलला चेसिसशी जोडणारा आडवा दांडा, विसरू नका. गाडी वर गेली की हा रॉड एक्सलला एका बाजूला ओढतो. लांबी बदलता येणारा रॉड एक्सल मधोमध आणतो. पण फक्त ड्रॉप पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा जास्त खाली वाकवलेला आर्म) लावून ड्रॅग लिंकचा (त्या आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला आणि पॅनहार्ड तसाच ठेवला, तर दोघांची समांतरता जाते आणि प्रत्येक खड्ड्यावर स्टिअरिंग हिसका देतं. आणि पुढची चाकं जोरात फडफडत असतील तर स्टिअरिंग डँपर हा इलाज नाही. तो फक्त दोष लपवतो. आधी पॅनहार्डचे बोल्ट आणि बुश बघा.

निवडण्याआधी

मागची बाजू किती उचलली आहे? तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीत मागचा भाग दोन इंच वर गेला की पुढचा कॅस्टर जवळजवळ एक अंशाने पडतो. मागे जड पाटे टाकून मग पुढचे आर्म शोधणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात, लवकर फाटतात आणि गाडीची उंचीही चुकीची बसते. नवे स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, म्हणून 500 ते 1000 किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासायचं. स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्यायला सांगा.

उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेले) असतील तर आणखी एक मार्ग आहे, आणि लिफ्ट किट विकणारा तो सहसा सुचवत नाही: गाडी अर्धा-पाऊण इंच खाली घ्या. कॅस्टर थोडक्यात हुकत असेल तर एवढ्यानेही कंपनीचे कॅम पुरतात आणि आर्मचा खर्च वाचतो.