परदेशातील रुग्णालयात इंटर्नशिप मिळवून देणारी सेवा : एका विद्यार्थ्याचे परीक्षण

वैद्यकीय विद्यार्थ्यांना परदेशातील रुग्णालयांत अल्पकालीन इंटर्नशिप मिळवून देणाऱ्या एका मध्यस्थ संस्थेची सेवा मी शेवटच्या वर्षात घेतली. रुग्णालय उत्तम आणि संस्था जेमतेम, असे माझे मत झाले. ‘प्रत्यक्ष हाताने काम करण्याची भरपूर संधी’ असे संस्थेच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापलेले असते आणि नेमके तेच वाक्य विद्यार्थ्याने सर्वांत कमी मनावर घ्यावे.

याचे कारण रुग्णालयानेच पहिल्या दिवशी स्पष्ट केले. जी प्रक्रिया स्वतःच्या महाविद्यालयात करण्याची मुभा विद्यार्थ्याला नाही, ती येथेही मिळणार नाही; डॉक्टरांची कमतरता आहे म्हणून रुग्ण सरावासाठी उपलब्ध होत नाहीत, असे विभागप्रमुखांनी सुनावले. माझ्यासोबतचे काही विद्यार्थी यावर नाराज झाले. मला मात्र त्याच क्षणी रुग्णालयाविषयी विश्वास वाटू लागला.

मुभा होती ती रुग्णाचा पूर्वेतिहास घेण्याची आणि शारीरिक तपासणीची, आणि तेथे शिकण्यासारखे इतके होते की बाकी कशाची उणीव भासली नाही. सीटी स्कॅन सहज उपलब्ध नसल्यामुळे राउंडच्या वेळी प्रत्येक चाचणीमागचे कारण द्यावे लागे आणि ‘अहवाल काहीही आला तरी उपचार बदलणार नसतील, तर ही चाचणी कशासाठी?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तर चाचणी रद्द होई. छातीत पाणी झाले आहे का, हे बोटांनी ठोकून ओळखायचे आणि मगच एक्स-रे पाहायचा, असा शिरस्ता होता. प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) तपासताना हात उजव्या ओटीपोटापासून वर न्यावा, अन्यथा फार वाढलेल्या प्लीहेची कडा हाताच्या खालच्या बाजूलाच राहते आणि ती सापडतच नाही, हे पुस्तकात वाचलेले होते. पण त्याचा अर्थ हाताला तेथे कळला. अडचण होती ती भाषेची. दुभाष्याचे काम परिचारिकांवर पडे, रुग्णाचे लांबलचक उत्तर आमच्यापर्यंत दोन-तीन शब्दांत पोहोचे आणि त्यांचा कामाचा वेळ जाई तो वेगळाच. एवढे शुल्क घेणाऱ्या संस्थेने स्वतंत्र दुभाषी द्यायला हवा होता.

व्हिसा आणि तात्पुरत्या नोंदणीची कागदपत्रे संस्थेने चोख केली, हे मान्य करायला हवे. लसीकरणाच्या बाबतीत मात्र अक्षम्य ढिलाई झाली. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकानुसार ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे असतात आणि त्यानंतर प्रतिपिंडांची पातळी तपासायची असते. असे असताना लसींची यादी निघण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी हाती आली. वापरलेली सुई टोचली गेल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती औषधे कोठे मिळतील आणि रात्री कोणाला बोलवायचे, हेही रुग्णालयाने सांगितले. संस्थेच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नव्हता. विम्याचीही तीच गत. प्रवास आणि आजारपणाचा विमा शुल्कात होता, पण रुग्णसेवेतील चुकीबद्दलच्या व्यावसायिक दायित्वाचा विमा नव्हता. शुल्कातील किती भाग रुग्णालयाला मिळतो, या प्रश्नावर तर संस्थेने प्रत्येक वेळी गोलमाल उत्तर दिले.

ज्यांनी वॉर्डमधील प्रशिक्षणाचा पुरेसा काळ पूर्ण केलेला नाही, त्यांनी ही सेवा घेऊ नये. तपासणीचा पाया कच्चा असेल, तर तेथे नुसते उभे राहावे लागते आणि आधीच थकलेल्या निवासी डॉक्टरांवर आणखी एक भार पडतो. पाया पक्का असणाऱ्यांनी जरूर जावे, मात्र मार्गदर्शक डॉक्टर कोण आणि ते त्या काळात रजेवर तर नाहीत ना, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. संस्थेच्या आकर्षक प्रमाणपत्रावर केवळ उपस्थितीची नोंद असते, म्हणून निघण्यापूर्वी मार्गदर्शकांकडून स्वाक्षरीसह सविस्तर मूल्यमापन मागून घ्यावे. ते देण्यास माझ्या मार्गदर्शकांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.