वनहक्काच्या मोजणीसाठी ईट्रेक्स १०: यंत्र चांगलं, चुका चालण्यात

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलातल्या कसत्या जमिनीचा दावा करताना तिचं माप द्यावं लागतं. ते तपासणाऱ्या गावच्या वनहक्क समितीला एकच मोजणी यंत्र घ्यायचं असेल तर गार्मिनचं ईट्रेक्स १० हे काळ्या-पांढऱ्या पडद्याचं जुनं जीपीएस डबडं अजूनही कामाचं आहे. नकाशा नावापुरता, मेमरी कार्डाची सोय नाही, केबल जुन्या मिनी यूएसबीची. पण ते दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं, पावसाच्या सरीला भीत नाही आणि भर उन्हात पडदा वाचता येतो. वाडीवर दोन दिवस लाइट नसली तर मोबाइल झोपतो. सेल मात्र किराणा दुकानात मिळतात. रिचार्जेबल सेल घातले तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नये, नाहीतर शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो आणि यंत्र अर्ध्या फेरीत बंद पडतं.

काम सोपं आहे. मेनूत ‘एरिया कॅल्क्युलेशन’ उघडायचं, ‘स्टार्ट’ दाबायचं, प्लॉटच्या हद्दीवरून एक फेरी मारून ‘कॅल्क्युलेट’ करायचं. एकक आधीच हेक्टर ठेवावं, कारण दावा हेक्टर-आरमध्ये लिहायचा असतो आणि एकरातून आरमध्ये करताना हमखास कुणीतरी गफलत करतं. याशिवाय प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं स्थिर उभं राहून बिंदू नोंदवावा. मधली काडी दाबून धरली की बिंदू नोंदला जातो, क्रमांक यंत्र स्वतः देतं. तो क्रमांक आणि कोपऱ्याची खूण (मोहाचं झाड, मोठा दगड, ओढ्याचं वळण) त्याच वेळी वहीत लिहावी. संध्याकाळी घरी बसून ०१४ म्हणजे कुठला कोपरा, हे कुणालाच आठवत नाही.

आता खरी मेख. यंत्र उघड्यावर तीन ते पाच मीटर अचूकता दाखवतं. हे ऐकून लोक घाबरतात, पण क्षेत्राच्या बाबतीत ती चूक बरीचशी सांभाळली जाते. पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत सगळे बिंदू साधारण एकाच बाजूला सरकतात, म्हणजे प्लॉट थोडा हलतो, त्याचं माप फारसं बदलत नाही. क्षेत्र कमी होतं ते चालणाऱ्यामुळे. बांधावर झुडपं असतात म्हणून माणूस बांधाच्या आतून चालतो. ४० आरचा चौकोनी प्लॉट घ्या, बाजू साधारण ६३ मीटर. चारही बाजूंनी एकच मीटर आत चाललं तर हिशेब साडेसदतीस आरवर येतो. प्लॉट २० बाय २०० मीटरची चिंचोळी पट्टी असेल, दळीच्या जमिनीत (जंगलात कसायला दिलेल्या तुकड्यांत) अशा पट्ट्या असतातच, तर तेच ४० आर साडेपस्तीस होतात. बांध शेतकऱ्याने घातलेला, तो कब्जाचा भाग आणि कब्जाचा पुरावाही. चालायचं तर बांधाच्या बाहेरच्या कडेने.

दुसरी नेहमीची तक्रार: टेपने जास्त निघतं, यंत्राने कमी. उतारावर असंच होणार. वीस अंशांच्या चढावर टेपचे १०० मीटर म्हणजे सपाटीचे ९४. यंत्र सपाट माप देतं आणि नकाशाही तेच मागतो. इथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

फेरी कुठल्या महिन्यात करायची, हा प्रश्न कुणी विचारत नाही, विचारायला हवा. सागाची पानं माघ-फाल्गुनात झडतात, आभाळ मोकळं होतं आणि पडद्यावरची अचूकता सुधारते. श्रावणात ओल्या पानांखाली तोच आकडा दहा मीटरच्या वर जातो. आकडा पाचच्या खाली आल्यावरच चालायला लागावं. दोन फेऱ्या कराव्यात; पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसरी.

राबाचा तुकडा बहुतेकदा सुटतो. रोपं उगवायची ती जागा मुख्य शेतापासून लांब असते, म्हणून फेरीत येत नाही. तिची वेगळी फेरी करून त्याच दाव्यात जोडावी. वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीचंही तसंच. नागली, मग वरई, मग खुरासणी, मग दोन-तीन वर्षं पडीक, असा फेर असतो. पडीक वर्षी उपग्रहाच्या चित्रात तिथे नुसतं झुडूप दिसतं आणि कागदावर ‘कसत नाही’ असा शेरा येतो. २०१२ साली दुरुस्त झालेल्या वनहक्क नियमांप्रमाणे उपग्रह चित्र बाकीच्या पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी ते चालत नाही. हे वाक्य दाव्याच्या अर्जाला जोडूनच द्यावं.

सगळ्यात महागात पडणाऱ्या दोन चुका सेटिंगच्या आहेत. पहिली डेटमची, म्हणजे यंत्र अक्षांश-रेखांश कुठल्या पायावर मोजतं त्याची. ‘डब्ल्यूजीएस ८४’ सोडून यादीतला भारताचा जुना पर्याय निवडला गेला असेल तर सगळा प्लॉट नकाशावर बराच सरकतो आणि दाट जंगलात जाऊन बसतो. दुसरी अक्षांश-रेखांश लिहिण्याची. पडद्यावर १९.५०३० दिसतं आणि वहीत १९ अंश ५० मिनिटं ३० सेकंद लिहिलं जातं. खरं उत्तर १९ अंश ३० मिनिटं ११ सेकंद. दोन्हींत सदतीस किलोमीटरचं अंतर, म्हणजे प्लॉट थेट दुसऱ्या तालुक्यात. दशांश अंश हा एकच प्रकार ठरवून टाकावा.

शेजाऱ्याच्या सामाईक कोपऱ्यावर दोघांनी वेगवेगळे बिंदू घेऊ नयेत. एकच बिंदू दोन्ही दाव्यांत वापरावा. नाहीतर संगणकावर प्लॉट एकमेकांवर चढलेले दिसतात आणि दोन्ही दावे अडकतात.

फुकटची मोबाइल ॲप वाईट नाहीत. तारीख आणि ठिकाणासह फोटो ही त्यांची खरी ताकद. विहीर, ताल (माती अडवणारा बांध), जुनं घर यांचे फोटो त्यानेच काढावेत. मोजणीसाठी मात्र फोन खिशात ठेवून चालू नये, पडदा बंद झाला की काही फोन नोंद थांबवतात आणि कोपरा सरळ रेषेत कापला जातो.

यंत्र जमीन कुठे आणि किती आहे ते सांगतं. कधीपासून कसता, हे त्याला ठाऊक नाही, आणि २००६ च्या कायद्यात प्रश्न १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या कब्जाचा आहे. त्यासाठी वनहक्क नियमांतल्या नियम १३ मधले किमान दोन पुरावे लागतात. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आणि बांध-ताल-घराच्या खुणा हे बहुतेक वाड्यांवर मिळतात. मर्यादा चार हेक्टरची आहे एवढ्यावरून प्रत्यक्ष कब्जा दोन असताना चार लिहू नये, आणि दोन असताना दीडही लिहू नये.

सामूहिक वनहक्काला, म्हणजे अख्ख्या गावाच्या जंगलावरच्या हक्काला, ही फेरीची पद्धत लावू नका. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळालेलं जंगल सुमारे १,८०० हेक्टरचं आहे. एवढ्या हद्दीवर शेजारच्या गावांचे लोक बरोबर घेऊन पारंपरिक खुणांवर बिंदू घ्यायचे असतात, तिथे यंत्र फक्त नोंदवहीचं काम करतं.

पडताळणीला वन आणि महसूल खात्याला लेखी कळवून पोच घ्यावी. ते आले तर पंचनाम्यावर हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही. आले नाहीत आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. बिंदूंच्या यादीच्या तीन प्रती काढाव्यात: दाव्याला एक, समितीला एक, आणि एक दावेदाराच्या घरी, कोरड्या डब्यात.