"बघा काकू, मळ कसा उकळतोय" असं म्हणणाऱ्या पॉलिशवाल्यापासून सावध राहा

दसरा जवळ आला की नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर, जेलरोड भागातल्या सोसायट्यांत पॉलिशवाले फिरू लागतात. जुन्या घरांत मोझॅक किंवा शहाबाद फरशी असते, थोड्या नंतरच्या फ्लॅटमध्ये कोटा नाहीतर मार्बल. वीस-पंचवीस वर्षांच्या वापराने ती काळवंडलेली असते आणि दिवाळीपूर्वी घर उजळावं असं सगळ्यांनाच वाटतं. फसवणूक नेमकी इथे शिरते. इंदिरानगरमधल्या एका घरात जे घडलं तसंच थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी घडतं, म्हणून तपशीलासह लिहितो आहोत.

दोन मुलं दारात आली. "काकू, आधी नमुना बघा, पटलं तरच काम द्या." एकाने सोफ्याजवळच्या मोझॅकच्या लादीवर बिनलेबलच्या बाटलीतलं पातळ पाणी ओतलं. लगेच सूं आवाज करत पांढरा फेस आला. "बघा, मळ कसा उकळून वर येतोय!" फडक्याने पुसलं, वर दुसऱ्या डब्यातलं काहीतरी चोळलं आणि लादी ओल्या काचेसारखी चमकली. शेजारच्या काळ्या लाद्यांसमोर ती इतकी उठून दिसली की काकूंनी तिथेच होकार दिला.

तो फेस मळाचा नव्हता, फरशीचा होता. बाटलीत संडास-बाथरूम धुवायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं. मार्बल, कोटा आणि शहाबाद हे चुनखडीच्या घराण्यातले दगड. मोझॅकमध्ये मार्बलची खडी आणि सिमेंट असतं. अ‍ॅसिड पडलं की त्यातला चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. मळ जातो हे खरं, कारण ज्या थरावर तो बसलेला असतो तो थरच निघून जातो. खाली उरतो खरखरीत, छिद्रं उघडी पडलेला दगड, आणि तो पुढे आधीपेक्षा लवकर मळ धरतो. अशा बोडक्या दगडाला चमक नसते, म्हणून वर मेण नाहीतर अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर फासतात. नमुन्याच्या लादीवर दिसली ती त्या थराची चमक.

त्या घरात सुमारे ४५० चौरस फुटांचं काम चार तासांत उरकलं. पहिला संशय इथेच यायला हवा. मोझॅकची खरी घोटाई म्हणजे मशीनला ६० किंवा ८० नंबरचा घासायचा दगड (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) लावून पाण्यासोबत घासणं, गाळ काढून फरशी धुणं, मग पांढऱ्या सिमेंटमध्ये लाद्यांच्या रंगाची पावडर कालवून बारीक भोकं आणि सांधे भरणं. हे भरलेलं दोन-तीन दिवस ओलं ठेवून मुरू द्यावं लागतं. त्यानंतर १२०, २२०, ३२० नंबरचे दगड आणि शेवटी पॉलिशिंग पावडर. एवढ्या घराला एक मशीन आणि दोन माणसं धरली, तरी मुरण्याचे दिवस मिळून चार-पाच दिवस सहज जातात. मार्बलला त्यापुढे ४००, ६००, ८००, १५०० आणि ३००० चे डायमंड पॅड, म्हणजे हिऱ्याची भुकटी बसवलेल्या घासायच्या चकत्या, लागतात. पॅडच्या रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतात. मागे छापलेला नंबर वाचा आणि पॅडवरचे उंचवटे बोटाने चाचपा. गुळगुळीत झिजलेलं पॅड नुसतं फिरतं, कापत नाही.

मधले नंबर गाळणं ही जरा शिकलेल्या लबाडांची युक्ती. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढण्यासाठी असतो. १२० वरून एकदम ८०० वर उडी मारली, तर दिवसा फरशी बरी दिसते, पण ओरखडे आतच राहतात. रात्री दिवे मालवून मोबाइलची बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरा. गोल गोल रेघा दिसल्या, तर मधलं काम झालेलं नाही. पैसे देण्याआधी ही तपासणी प्रत्येक खोलीत करा, कोपऱ्यांत जास्त बारकाईने, कारण मोठं मशीन तिथे पोहोचत नाही आणि हातमशीन लावायचा कंटाळा केला जातो.

घोटाईची सगळ्यात साधी खूण म्हणजे गाळ. दगड खरोखर कापत असेल, तर ताकासारखं दाट पाणी निघतं, बादल्या भरतात. गाळ निघाला नाही तर फरशी घासलीच गेली नाही. हा गाळ नहाणीच्या जाळीतून जाऊ देऊ नका. तो पाइपात बसून घट्ट होतो आणि नंतर प्लंबर बोलवायची वेळ येते. बादलीत निवळू द्यावा, वरचं पाणी ओतून टाकावं आणि खालचा गाळ पोत्यात भरून बाहेर न्यावा.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. चांगला कारागीरही शेवटच्या हाताला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेली पावडर वापरतो. ती थोडीशीच घेऊन ओल्या फरशीवर नमदा (लोकरीचं जाड कापड) किंवा गोणपाट लावलेल्या मशीनने घोटतात आणि लगेच भरपूर पाण्याने धुतात. त्यामुळे "अ‍ॅसिड" हा शब्द ऐकून माणसाला हाकलून देऊ नका. सुरुवातीलाच, न घासता, ओतून फेस दाखवणारा मात्र दारातूनच परत पाठवा.

मोजमापातही हात मारला जातो. १२ बाय १० ची खोली १२० चौरस फूट. दार सोडून स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीची, लांबी ४१ फूट. स्कर्टिंग ४ इंच उंच असेल तर त्याचे जेमतेम १४ चौरस फूट होतात, पण बिलात १२० अधिक ४१, म्हणजे १६१ चौरस फूट लावले जातात. एका खोलीत २७ चौरस फूट जास्त. स्कर्टिंगचा दर धावत्या फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळा ठरवा आणि भिंतीत बसवलेल्या कपाटांखालची जागा वजा करा.

व्हिट्रिफाइड टाइल्सना तर "मशीन पॉलिश" म्हणून कुणी आलं की सरळ नाही म्हणा. त्यांची चमक कारखान्यातच आलेली असते. छपाई आणि ग्लेझ असलेल्या टाइलचा वरचा थर मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, तो घासला की नक्षीच जाते. तिथे मळ धरतात ते सांधे, टाइल नव्हे. सांधे घासून पुन्हा इपॉक्सी भरून घेतले की काम भागतं.

इंदिरानगरच्या घरात तीन आठवड्यांनी काय दिसलं ते ऐका. स्वयंपाकघर ते हॉल या वाटेवर चमक गेली. पाण्याच्या फिल्टरखाली दुधी डाग उमटले, कारण थराखाली ओल अडकली होती. नाण्याच्या कडेने हलकेच खरवडलं तर पांढऱ्या सालपटांसारखा थर निघू लागला. तुमच्याकडे असं झालं असेल, तर कोपऱ्यात एका लादीवर नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस मिनिटभर ठेवा. चिकट झालं तर अ‍ॅक्रिलिक. काहीच झालं नाही तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून बघा, मेण त्यात सुटतं. हे करताना गॅस बंद, खिडक्या उघड्या.

अ‍ॅसिड ओतल्याचं त्याच वेळी लक्षात आलं, तर भरपूर पाणी ओतून धुवा. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून पसरा, दहा मिनिटांनी पुन्हा दोनदा स्वच्छ पाणी. ब्लीच मात्र चुकूनही घालू नका, अ‍ॅसिडशी मिळून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. खरखरीत झालेली फरशी घरगुती उपायांनी परत येत नाही. थर उतरवून १२० पासून पुन्हा घोटावी लागते, लाद्या खालीवर असतील तर ६० पासून.

घोटून झाल्यावर रोज १० लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचं सौम्य लिक्विड पुरे. लिंबू, व्हिनेगर, बाथरूम क्लीनर नको. बोअरचं पाणी जड असेल तर पुसल्यावर कोरडं फडकं फिरवा, नाहीतर क्षार सुकून पांढुरकी झाक बसते आणि पॉलिश गेलं असं उगाच वाटतं.

काम देताना कागदावर लिहून घ्या: कोणकोणते नंबर, किती दिवस, सांधे कशाने भरणार, मोजमाप कसं, गाळ कोण नेणार. आगाऊ रक्कम थोडीच द्या आणि ती खात्यावर पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. नमुना हवाच असेल तर कपाटाखालच्या लादीवर, तोही मशीनने. फसलात तर फोटो, बाटली, पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. त्यासाठी समोरच्याचं नाव-पत्ता हातात असावा लागतो, म्हणून मशीन घरात येण्याआधी ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा.