चोर बाजार: मिश्र माध्यमात काम करणाऱ्यांसाठी एक अभिप्राय

मुंबईतील मटण स्ट्रीटवरच्या चोर बाजाराविषयी जे लिहिले जाते ते बहुधा अखंड ग्रामोफोन, झुंबरे किंवा चित्रपटांची जुनी पोस्टरे शोधणाऱ्या संग्राहकांच्या दृष्टीने लिहिलेले असते. जुन्या वस्तू जोडून मिश्र माध्यमातील कलाकृती घडवणाऱ्यांना मात्र हा बाजार अधिक लाभतो, कारण संग्राहक जी वस्तू मोडकी म्हणून बाजूला सारतो, तीच त्यांच्या उपयोगाची असते आणि तिचा भावही त्या मानाने कमी असतो.

काचेच्या कपाटांनी सजलेल्या दुकानांत फार वेळ घालवू नये. खरा माल मागच्या ढिगाऱ्यात आणि पायरीवरच्या खोक्यांत सापडतो: तबकडी गमावलेली घड्याळांची यंत्रे, किल्ली नसलेली पितळी कुलुपे, टाइपरायटरच्या कळा, छापखान्यातले खिळे (छपाईची धातूची अक्षरे), पोपडे उडालेल्या एनॅमलच्या पाट्या. अमेरिकी कलाकार जोसेफ कॉर्नेल यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या दुकानांतून जमवलेल्या अशाच किरकोळ चिजांतून आपल्या काचबंद पेट्या उभ्या केल्या होत्या. सुट्या भागांचा भाव नगावर न ठरवता ढिगावर ठरवावा. घासाघीस येथे गृहीतच धरलेली असते.

जहाजी कंपन्यांची नावे कोरलेली होकायंत्रे आणि दुर्बिणी मात्र टाळाव्यात, कारण त्यांतील पुष्कळशा अलीकडे घडवून रसायनाने काळवंडवलेल्या असतात, आणि असा बनावट जुनेपणा खऱ्या गंजाशेजारी ठेवला की लगेच उघडा पडतो. खिशात लहानसे लोहचुंबक असावे; ते चिकटले तर वस्तू निव्वळ पितळेची नसून आत लोखंड आहे, असे समजावे.

सुरक्षिततेविषयी विक्रेते सहसा काही सांगत नाहीत. छपाईच्या खिळ्यांत शिसे असते, त्यामुळे ते कानशीने घासू नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या जुन्या तबकड्यांच्या रंगात रेडियम असू शकते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे असल्याने चमक गेली तरी किरणोत्सार उरतो. अशी तबकडी न घेतलेलीच बरी, आणि घरात असलीच तर तिचा रंग मुळीच खरवडू नये.

शुक्रवारी बहुतेक दुकाने बंद असतात, परंतु त्या दिवशी पहाटे रस्त्यावर पथारीवाल्यांचा बाजार भरतो. सुट्या भागांसाठी तो दुकानांपेक्षा सरस आहे, मात्र उजाडण्यापूर्वी विजेरी घेऊन पोहोचण्याची तयारी हवी.