‘फ्रेम उघडू नका’ असं सांगून विकलेलं चित्र

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या सहीचं म्हणून विकलेलं एक लिथोग्राफ, म्हणजे दगडावर किंवा पत्र्यावर काढून कागदावर छापलेलं चित्र, माझ्याकडे आहे. ते दालीचं नाही. विक्रेत्यानं खोटं चित्र गळ्यात मारलं याचा राग आहेच, पण ते खोटं असल्याचं मला कधी कळूच नये याची जी तजवीज त्यानं केली होती, तिची चीड जास्त येते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. गुंतवणूक म्हणून कागदावरची चित्रं घेणाऱ्यांना ही तजवीज ओळखता यायला हवी.

चित्र माझ्याकडे आलं ते फ्रेममध्ये बंद होऊनच. मागे तपकिरी कागद, त्याच्या चारही कडांना विक्रेत्याचं नाव छापलेली चिकटपट्टी, आणि मधोमध सूचना: ‘जतनासाठी सीलबंद, उघडल्यास हमी रद्द.’ सोबत उठावाचा शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. त्यात लिहिलं होतं, मूळ लिथोग्राफ, १९७३, प्रत ११२/३०० (म्हणजे तीनशे छापांपैकी एकशे बारावी), पेन्सिलीनं सही. पाच वर्षांनी ठरलेल्या वाढीसह चित्र परत घेऊ असा करारही होता. अट एकच, सील शाबूत हवं.

हा माणूस जतनाबद्दल फार मन लावून बोलायचा, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. कागदावरच्या चित्रावर ५० लक्सच्या आसपासच, म्हणजे मंदच प्रकाश असावा, उन्हाची तिरीपही नको, हवेतला ओलावा सतत वरखाली होऊ नये, माउंटचा, म्हणजे चित्राच्या मागे आणि भोवती असतो तो, पुठ्ठा आम्लमुक्त असावा, काच अतिनील किरण अडवणारी असावी. संग्रहालयंही हेच पाळतात. या खऱ्या माहितीच्या ओघात तो एक खोटी गोष्ट सरकवून द्यायचा: फ्रेम उघडली, बाहेरची हवा लागली, की कागद खराब व्हायला लागतो. चित्राची काळजी असणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं, आणि नेमका त्याच काळजीचा त्यानं फायदा घेतला. खरं तर कागदावरचं चित्र अधूनमधून बाहेर काढून बुरशी, डाग, कसर तपासायची असते. म्हणून तर चांगल्या कामात ते जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून माउंटला अडकवतात. पाण्याचा हात लावला की ती खळ सुटते.

दर वर्षी त्याच्याकडून मूल्यांकनाचं पत्र यायचं आणि दर वर्षी आकडा वाढलेला असायचा. तो आकडा विम्यासाठीचा होता, म्हणजे तसंच चित्र दुकानातून पुन्हा घ्यायला किती लागतील तो. विकायला गेल्यावर हातात काय पडेल याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. लिलावात विक्रेत्याकडून कमिशन कापतात, खरेदीदारावरही वेगळा आकार लावतात. शिवाय हे मूल्यांकन करणारा कोण, तर ज्यानं विकलं तोच.

मुदत संपल्यावर त्यानं चालढकल सुरू केली, तेव्हा मी एका लिलावगृहाला विचारलं. त्यांनी पहिल्याच उत्तरात सांगितलं, फ्रेमबाहेर काढलेल्या कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. विक्रेत्याला कळवलं तर त्याचं एकच पालुपद: सील तोडलंत तर आमची जबाबदारी संपली. न उघडता कोणी घेणार नाही, आणि उघडलं तर हा घेणार नाही. करार लिहितानाच त्यानं ही कोंडी करून ठेवली होती.

शेवटी कागदी कलाकृतींच्या जतनाचं काम करणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडून फ्रेम उघडून घेतली. आत आम्लमुक्त काही नव्हतं. साधा पुठ्ठा, आणि चित्र दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं डकवलेलं. बाईंनी दहापट भिंग हातात दिलं. दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर तेलकट खडूनं काढून छापलेल्या लिथोग्राफमध्ये भिंगाखाली खडूचा वेडावाकडा, विस्कळीत दाणा दिसतो. इथे निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके नियमित जाळीत बसले होते, मासिकाच्या पानावर असतात तसे. म्हणजे एखाद्या चित्राचा फोटो घेऊन ऑफसेटवर, मासिकं छापतात तशा यंत्रावर, मारलेली प्रत.

त्याहून पक्का पुरावा माउंटखाली दडला होता. कागद उजेडासमोर धरला तर खालच्या कडेला ‘आर्श’ या फ्रेंच कागदाचा वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, आणि त्याला जोडून अनंताचं चिन्ह, आडव्या इंग्रजी आठसारखं. ते चिन्ह आर्शच्या वॉटरमार्कमध्ये १९८० मध्ये आलं. १९७३ च्या चित्राखाली ते असूच शकत नाही. माउंटची खालची पट्टी एवढी रुंद का ठेवली होती, तेही तेव्हा उमगलं.

‘पण सही तर खरी असेल ना?’ असं मला अनेकांनी विचारलं. दालीच्या बाबतीत या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. त्यानं कोऱ्या कागदांवर ढिगानं सह्या करून दिल्या होत्या. १९७४ मध्ये फ्रेंच कस्टमनं अँडोरा या छोट्या देशाकडे निघालेला एक ट्रक अडवला, त्यात त्याच्या सह्यांचे ४०,००० कोरे कागद निघाले. अशा कागदावर नंतर कोणीही काहीही छापलं तरी सही खरी आणि चित्र खोटं. त्याच्या छापचित्रांपासून अनेक जाणकार लांब राहतात ते यामुळेच.

आणि प्रमाणपत्र? बारीक अक्षरात होतं, ‘आमच्या समजुतीनुसार अस्सल’. चित्र कोणी छापलं, आधी कोणाकडे होतं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, यातलं त्यात काहीच नव्हतं. हा इतिहास दिलेला असला तरी मूळ जागी जाऊन पडताळावा लागतो, आणि तोही डोळ्यांत तेल घालून. ब्रिटनमध्ये जॉन ड्रू या भामट्यानं जॉन मायट या चित्रकाराकडून नकला काढून घेतल्या आणि त्यांना आधार म्हणून चक्क टेट या कलासंग्रहालयासारख्या संस्थांच्या दफ्तरात खोटी कागदपत्रं घुसवली. १९९९ मध्ये दोघांना शिक्षा झाली. चित्रापेक्षा कागदच आधी पुढे करणारा विक्रेता दिसला की मी आता तिथून निघते.

पैसे परत मिळालेले नाहीत. सील तुटल्याचं कारण त्यानं ठरल्याप्रमाणे पुढे केलं. तक्रार नोंदवल्यावर त्याच विक्रेत्याकडून घेतलेले आणखी लोक भेटले, आणि त्यातल्या एकाच्या भिंतीवरही तेच चित्र निघालं, तीच प्रत, ११२/३००.

तुमच्याकडे अशी सीलबंद फ्रेम असेल तर ती घाईघाईनं स्वतः फोडू नका. आधी सीलचे, मागच्या सूचनेचे, चिकटपट्टीच्या कडांचे स्पष्ट फोटो काढा. विक्रेत्याला लेखी कळवा, की अमुक तारखेला तज्ज्ञाकडून तपासणी होणार आहे, तुमचा माणूस हजर ठेवा. मग स्वतंत्र तज्ज्ञाकडून उघडून घ्या आणि सही-तारखेसह लेखी अहवाल मागा. त्यात भिंगाखालचे आणि उजेडासमोरचे फोटो असू द्या. सुटलेला टेप, पुठ्ठा, तपकिरी कागद यातलं काहीही टाकू नका, ते तक्रारीत लागतं. विक्रेत्यानं ‘बदली चित्र’ देऊ केलं तर मूळ चित्र त्याच्या हवाली करू नका, तोच तुमचा पुरावा आहे.